काझी ते आल्काल्दे : एका आडनावाचा लांबचा प्रवास

रमजान लागला की दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. कॉलेजच्या वऱ्हांड्यात येतो, दिघोरीच्या चौकात चहाच्या टपरीवर येतो, आणि विचारणारे बहुधा आमचे हिंदू मित्रच असतात. "सर, लहानपणापासून आम्ही रमजान म्हणतो. आता मोबाइलवर सगळे 'रमादान मुबारक' पाठवतात. बरोबर काय?"

दोन्ही बरोबर. अरब 'रमादान' म्हणतो, इराणी, पठाण, हिंदुस्थानी 'रमज़ान' म्हणतो आणि मराठी माणूस नुक्ता गाळून 'रमजान' म्हणतो. लिहिताना अक्षर एकच. त्याला उर्दूत 'ज़्वाद' म्हणतात, अरबीत 'दाद'. हे अक्षर अरबांना इतके लाडके की ते आपल्या भाषेला 'दादची भाषा' असेच म्हणतात. मात्र अरबस्तानाबाहेर पडल्यावर ते कुणाच्याच जिभेवर नीट बसले नाही. फारसी बोलणाऱ्यांनी त्याचा 'ज़' केला आणि फारसीच्या बोटाला धरून ते आपल्याकडे आले.

आता जरा तालुक्याच्या कचेरीत जाऊन या. तिथे तुम्ही 'अर्ज' देता. साहेब 'हजर' आहेत की 'रजे'वर, हे शिपायाला विचारता. 'कर्ज' फेडले नाही तर 'जप्ती' येते, जमिनीवर कुणी 'कब्जा' केला तर भांडण होते, भांडण वाढले तर 'जामीन' शोधावा लागतो. वरच्या साहेबाची 'मर्जी' सांभाळावी लागते ती वेगळीच. यातल्या प्रत्येक शब्दात हे ज़्वाद बसलेले आहे. 'जिल्हा' या शब्दातसुद्धा. म्हणजे 'जिल्हा भंडारा' असा पत्ता लिहिणारा प्रत्येक माणूस, मग तो कुठल्याही धर्माचा असो, रमजानचे अक्षर रोज लिहितोच.

'मियाँ बीबी राजी, तो क्या करेगा काझी' ही म्हण आपल्या गावात कुणाला माहीत नाही? त्यातल्या 'राजी'मध्येही ज़्वाद आहे आणि 'काझी'मध्येही. या दुसऱ्या शब्दाबद्दल, आणि त्यातून झालेल्या आडनावाबद्दल आज लिहायचे आहे. कारण या आडनावाची सख्खी भावंडे पार स्पेनमध्ये आहेत, मेक्सिकोत आहेत, आणि त्यांतले बहुतेक जण रविवारी चर्चमध्ये जातात.

काझी म्हणजे न्याय करणारा. आज आपल्याला काझी आठवतो तो निकाह पढवताना किंवा २९व्या रोजाला संध्याकाळी चंद्राची साक्ष तपासताना. पूर्वी त्याच्याकडे बरेच काही होते. वारसाचे तंटे, अनाथांच्या मालमत्तेची देखरेख, खरेदीखतावर मोहोर, वक्फच्या जमिनी, शिवाय बाजारातली लबाडी. 'काज़ीजी दुबले क्यों? शहर के अंदेशे से' ही उर्दू म्हण त्यातूनच आली. सगळ्या शहराची काळजी याच्याच डोक्यावर, मग बिचारा वाळणार नाही तर काय!

इसवी सन ७११ मध्ये अरब आणि बर्बर फौजा आफ्रिकेतून समुद्रधुनी ओलांडून स्पेनमध्ये उतरल्या. त्यांच्यामागून काझीही गेला. अरबीत नामाच्या आधी 'अल' लावतात, म्हणून तो तिथे 'अल-काज़ी' झाला. पण त्या काळातला ज़्वाद आजच्यासारखा नव्हता. आठव्या शतकातला व्याकरणकार सिबवैह याने त्याचा उच्चार सांगून ठेवला आहे: जिभेची कड दाढांना लावायची आणि वारा बाजूने सोडायचा. करून पाहा, तोंडातून 'ल' आणि 'द' एकदम निघाल्यासारखे वाटते. स्पेनच्या लोकांनी जे कानांनी ऐकले ते लिहिले. 'अल-काज़ी'चा झाला 'आल्काल्दे'. मधला तो 'ल्द' म्हणजेच आपला ज़्वाद. पांढऱ्या सफेद्याला अरबीत 'अल-बयाज़' म्हणत, स्पॅनिशमध्ये तो 'आल्बायाल्दे' झाला. तिथेही तीच खूण.

स्पेनमधल्या काझींत सगळ्यांत मोठे नाव इब्न रुश्द यांचे. युरोप त्यांना अव्हेरोस म्हणून ओळखतो. जन्म ११२६, गाव कॉर्डोबा. अॅरिस्टॉटलवरची त्यांची भाष्ये पुढे ख्रिस्ती युरोपच्या विद्यापीठांत शतकानुशतके वाचली गेली, पण पोटाचा उद्योग म्हणाल तर ते काझी होते, आधी सेव्हिलमध्ये आणि मग कॉर्डोबात. त्यांचे आजोबाही कॉर्डोबाचे मुख्य काझी होते. म्हणजे पद कागदोपत्री वंशपरंपरेचे नसले तरी घरात फिरत होते. आपल्याकडच्या वतनदारीची आठवण यावी, असाच हा प्रकार.

मग ख्रिस्ती राजे उत्तरेकडून खाली सरकत आले. १०८५ मध्ये टोलेडो, १२३६ मध्ये कॉर्डोबा, १२४८ मध्ये सेव्हिल. शहर जिंकले तरी शहराचा कारभार काही नव्याने शोधायचा नसतो. न्याय करणारा माणूस लागणारच होता, आणि त्याला लोक आल्काल्दे म्हणत होतेच. राजांनी माणूस बदलला, शब्द ठेवला. हळूहळू गावच्या न्यायाबरोबर गावचा कारभारही त्याच्याकडे आला. आज स्पेनमध्ये आल्काल्दे म्हणजे नगराध्यक्ष, आणि लहान गावात म्हणाल तर आपला सरपंच.

ज्या घरात हे पद राहिले, त्या घराचे आडनाव आल्काल्दे पडले. इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण आमच्यातले काही उत्साही लोक असे काही ऐकले की लगेच "म्हणजे ते मूळचे मुसलमानच!" म्हणून टाळ्या वाजवतात. तसे मुळीच नाही. आडनावे रुळू लागली तोवर आल्काल्दे हा पुरता कॅस्टिलियन शब्द झाला होता आणि ते पद ख्रिस्ती माणसेच सांभाळत होती. आपल्याकडे फडणीस, चिटणीस, पोतनीस या आडनावांतले 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. मुजुमदार फारसी, किल्लेदारातला 'दार' फारसी, पेशवा फारसी. म्हणून कुणी या घराण्यांचे मूळ इराणात शोधायला जात नाही. शब्द एका वाटेने येतो, रक्त दुसऱ्या वाटेने.

स्पॅनिशमध्ये अशी आडनावे बरीच आहेत. 'आल्काइदे' हे आल्काल्देसारखेच वाटते, पण ते 'अल-काइद' म्हणजे किल्ल्याच्या सरदारावरून आलेले, थोडक्यात त्यांचे किल्लेदार. 'आल्ग्वासिल' हे तर 'अल-वज़ीर'. आपल्या बुद्धिबळात वजीर अजून पटावर ऐटीत फिरतो, स्पेनमध्ये बिचाऱ्याची पदावनती होत होत तो कोर्टाचा बेलिफ झाला. गावांवरून आलेली आडनावे वेगळीच. आपल्याकडे रामटेके, नागपुरे, तसे तिथे मेदिना आणि आल्कांतारा. मेदिना म्हणजे शहर, आपण मदिना म्हणतो तेच. आल्कांतारा म्हणजे 'अल-कंतरा', पूल. आणि धानाच्या जिल्ह्यात राहतो म्हणून हेही सांगतो की स्पॅनिश माणूस तांदळाला 'आर्रोस' म्हणतो, तो अरबांचा 'अर-रुज़'.

आता आपल्या बाजूची वाट. स्पेनमध्ये कॉर्डोबा-सेव्हिल ख्रिस्ती राजांकडे जाऊन शंभर वर्षे होत आली होती, तेव्हा दिल्लीत एक मोरोक्कोचा माणूस काझी म्हणून नेमला गेला. इब्न बतूता. मुहम्मद तुघलकाने त्याला दिल्लीत हे पद दिले. पुढे तो दौलताबादेला आला, नंदुरबारलाही गेला आणि तिथल्या मराठ्यांविषयी त्याने लिहून ठेवले. त्यानंतर मालदीवमध्ये पुन्हा काझी झाला. हिंदुस्थान सोडून मायदेशी परतल्यावर १३५०च्या सुमारास तो ग्रॅनडालाही जाऊन आला. दख्खन आणि स्पेन दोन्ही पाहिलेला हा काझी. नंदुरबारचा बाजार आणि ग्रॅनडाच्या बागा एकाच माणसाच्या डोळ्यांत मावल्या, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

महाराष्ट्रात काझीपद रुजले ते बहमनी काळात आणि त्यानंतरच्या निजामशाही, आदिलशाही, इमादशाहीत. परगण्याच्या गावी काझी असे. त्याला जमीन इनाम असे. वतनाचा किंवा हद्दीचा वाद उभा राहिला की मजलिस भरे. देशमुख, देशपांडे, पाटील, शेटे, महाजन, बलुतेदार आणि काझी एकत्र बसत, साक्षी होत आणि 'महजर' लिहिला जाई. या कागदांत सुरुवातीला 'हाजिर मजालसी' म्हणून हजर माणसांची यादी असते. मजकूर मोडी मराठीत, काझीचा शिक्का फारसीत, पाटलाच्या निशाणीला नांगर. एकाच कागदावर हे सारे. ज्यांना महाराष्ट्राचा इतिहास केवळ लढायांचा वाटतो, त्यांनी असा एखादा महजर जरूर वाचावा. त्यात शेताच्या बांधासाठी भांडणारी आणि शेवटी एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवणारी माणसे भेटतात.

शिवाजी महाराजांच्या पदरी काझी हैदर हे मुन्शी होते. मोगलांशी बोलणी करण्याचे कामही त्यांनी केले. महाराजांनी राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि फारसी पदनामांना संस्कृत पर्याय दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला. पण गंमत अशी की अमात्य, सचिव ही पदे इतिहासात राहिली आणि आडनाव म्हणून घराघरांत टिकले ते मुजुमदार! आडनावे ही सरकारी हुकमाला फारशी जुमानत नाहीत. पेशवाईतही अनेक ठिकाणी काझींची वतने चालू राहिली.

गावांनी, वस्त्यांनीही हे नाव धरून ठेवले. नाशिकला गोदाकाठी काझीची गढी आहे, पावसाळ्यात तिची माती ढासळली की बातमी येते. चांदवड तालुक्यात काजीसांगवी आहे. आणि आपण विदर्भातली माणसे दक्षिणेकडे निघालो की बल्लारशाहनंतर पुढे जे मोठे जंक्शन येते ते काझीपेठ. पलीकडे तुर्कस्तानात इस्तंबूलमध्ये 'कादीकोय' आहे, म्हणजे काझीचे गाव. तुर्कांनी ज़्वादचा 'द' ठेवला.

इंग्रज आले आणि काझीच्या हातून न्याय गेला. सुरुवातीला कंपनीच्या कोर्टात मुसलमानी कायदा सांगायला काझी आणि मौलवी बसत. १८६४च्या कायद्याने ती पदे आणि सरकारने काझी नेमणे, दोन्ही बंद झाले. मग लग्नांची नोंद कुणी ठेवायची, साक्ष कुणाची धरायची, असा गोंधळ सुरू झाला आणि लोकांनीच मागणी केली. त्यातून १८८०चा काझी कायदा आला. तो फार छोटा आहे, पाच मिनिटांत वाचून होतो. सरकारने त्या भागातल्या प्रमुख मुसलमानांचा सल्ला घेऊन काझी नेमावा असे तो सांगतो, आणि लगेच पुढे सांगतो की यामुळे काझीला कुठलाही न्यायाचा वा कारभाराचा अधिकार मिळत नाही, निकाहाला त्याची हजेरी सक्तीची होत नाही, आणि दुसऱ्या कुणाला ते काम करण्यास मनाईही होत नाही. सगळे दिले आणि सगळे काढूनही घेतले! हा कायदा आजही लागू आहे. काझीपद वारसाने मिळत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकातच दिला होता. त्यानंतर स्वातंत्र्य आले, वतने-इनामे गेली. पद गेले, जमीन गेली, आडनाव राहिले. स्पेनमधल्या आल्काल्दे कुटुंबांचेही तेच झाले. त्यांच्यातले किती जण आज नगराध्यक्ष असतील? कुणी शिक्षक, कुणी ड्रायव्हर, कुणी दुकानदार.

एक फरक मात्र आहे. उर्दूत 'काज़ी' नावाच्या आधी येतो, पदवीसारखा. बंगालचे काज़ी नज़रुल इस्लाम, औरंगाबादचे शायर काज़ी सलीम. महाराष्ट्रात शाळेच्या दाखल्यावर आधी नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव अशी रीत, त्यामुळे काझी मागे गेला. कोकणातल्या मुसलमानांत तो परकार, मुकादम, खतीब, चौगुले यांच्या शेजारी बसला. यातलेच काही लोक बोटीत बसून आफ्रिकेला गेले, आणि केपटाउनमध्ये परकारांचे 'पार्कर' झाले. ऐकणाऱ्याला वाटते कुणी इंग्रज साहेब आहे, आणि घरात म्हातारी कोकणी बोलत असते.

काझी हे नाव पुढे लावणारे आपल्या भागातले एक गृहस्थ आज जवळपास विसरले गेले आहेत. काझी सय्यद करीमुद्दीन. मध्य प्रांत-वऱ्हाडातून ते घटना समितीवर गेले होते. डिसेंबर १९४८ मध्ये त्यांनी एक दुरुस्ती मांडली: नागरिकाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची विनाकारण झडती वा जप्ती होऊ नये, आणि हा मूलभूत हक्क असावा. कायद्यात काय आहे हे सोडा, कायदेमंडळाला उद्या बदलता येणार नाही अशा जागी ते लिहा, असा एकूण आग्रह. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सूचना उपयुक्त असल्याचे सभागृहात मान्य केले. शेवटी ती घटनेत आली नाही. जवळजवळ सत्तर वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. घटना समितीतल्या त्या चर्चेची दखल त्या निकालात घेतलेली आहे. तुमच्या घराची, तुमच्या मोबाइलची झडती कुणी कशी घ्यावी यावर आज देशभर जी चर्चा होते, तिच्या मुळाशी वऱ्हाडातला हा एक काझी उभा आहे. शाळेच्या पुस्तकात चार ओळी त्यांच्यावर असायला हरकत नव्हती.

आडनावाची दुसरी बाजूही सांगायला हवी. माझा एक जुना विद्यार्थी, आडनाव काझी, नोकरीसाठी मोठ्या शहरात गेला. खोली पाहायला फोन केला की आधी सगळे गोड बोलत. मग "आडनाव काय?" विचारत. मग खोली नुकतीच दिलेली असे. तो हसून सांगत होता, पण ऐकणाऱ्याला हसू येत नव्हते. त्याच्या कागदपत्रांचीही एक कहाणी आहे. दाखल्यावर 'काजी', मार्कशीटवर 'काझी', इंग्रजीत एका ठिकाणी 'के'ने सुरुवात, दुसऱ्या ठिकाणी 'क्यू'ने, तिसऱ्या कागदावर 'क्यू'नंतर 'यू' लावलेला. प्रत्येक खिडकीवर त्याला विचारले जाई, "हे तुम्हीच कशावरून?" शेवटी स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करावे लागले. त्या बाराशे वर्षांपूर्वीच्या ज़्वादचा त्रास अजून संपलेला नाही!

नाव विचारून माणसाचा हिशेब करण्याची सवय कुठवर जाते, हे स्पेनच्याच इतिहासात दिसते. २ जानेवारी १४९२ रोजी ग्रॅनडा पडले. तहात लिहिले होते की मुसलमानांचा धर्म, त्यांच्या मशिदी, त्यांचे काझी यांना हात लावला जाणार नाही. दहा वर्षांत तो तह मोडला. १५०२ मध्ये कॅस्टिलमधल्या मुसलमानांना सांगण्यात आले, बाप्तिस्मा घ्या नाहीतर देश सोडा. बहुतेकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना 'मोरिस्को' म्हणू लागले. चर्चच्या वहीत त्यांचे नाव फर्नांडो, आडनाव वार्गास किंवा तोर्रेस. घरात आई हाक मारी ती वेगळ्या नावाने. १५६७ मध्ये राजा दुसरा फिलिप याच्या हुकमाने अरबी भाषा, अरबी पोशाख आणि अरबी नावे, तिन्हींवर बंदी आली. त्यातून आल्पुहारासच्या डोंगरात बंड झाले आणि ते चिरडले गेले.

मोरिस्कोंनी नावे बदलली, भाषा बदलली, तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पुष्कळांना अरबी येईनाशी झाली. तरी १६०९ मध्ये राजाने फर्मान काढले आणि १६१४ पर्यंत सुमारे तीन लाख माणसांना बोटींत घालून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सोडले. सगळ्या कागदांवर ख्रिस्ती नाव असूनही ते उपयोगी पडले नाही. आणि पलीकडे काय झाले? मोरोक्कोच्या लोकांनी पाहिले, ही माणसे स्पॅनिश बोलतात, स्पॅनिश कपडे घालतात, आडनाव वार्गास सांगतात. त्यांनी यांना कॅस्टिलचे ख्रिस्ती म्हटले. एका किनाऱ्यावर मुसलमान म्हणून हाकलले, दुसऱ्या किनाऱ्यावर ख्रिस्ती म्हणून नाके मुरडली.

त्यांनी आडनावे मात्र टाकली नाहीत. याचे मला फार विशेष वाटते. ज्या देशाने हाकलले त्याची खूण कपाळावर कोण मिरवील? पण आजोबांचे आडनाव हे आजोबांचे असते, राजाचे नसते. राबातमध्ये १६२७ साली या निर्वासितांनी आपले छोटे प्रजासत्ताकच उभे केले, त्याचा पहिला प्रमुख ब्राहिम वार्गास. वार्गासचे पुढे अरबी वळणाने 'बरगाश' झाले आणि ते घराणे आजही राबातमध्ये नावाजलेले आहे. तेतुआन शहरात तोर्रेस घराणे आहे. विसाव्या शतकात स्पेनच्या सत्तेविरुद्ध उत्तर मोरोक्कोचा लढा ज्यांनी चालवला, त्या पुढाऱ्याचे नाव अब्दुलखालिक तोर्रेस. पाच वेळा नमाज पढणारा, स्पेनशी लढणारा माणूस, आणि आडनाव अस्सल स्पॅनिश!

म्हणजे बघा, समुद्राच्या एका बाजूला ख्रिस्ती लोक अरबी 'काझी' आडनाव म्हणून लावत होते आणि दुसऱ्या बाजूला मुसलमान लोक स्पॅनिश 'तोर्रेस' लावत होते. मधली समुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम चौदा किलोमीटर.

स्पेनच्या जहाजांबरोबर आल्काल्दे अमेरिकेतही पोचला, पद म्हणून आणि आडनाव म्हणूनही. पदाचा एक किस्सा मजेदार आहे. अमेरिकेने मेक्सिकोकडून कॅलिफोर्निया घेतला तेव्हा तिथे येर्बा बुएना नावाचे लहानसे बंदर होते. गावचा कारभार आल्काल्दे पाहायचा, म्हणून अमेरिकन आरमाराच्या वॉशिंग्टन बार्टलेट या अधिकाऱ्याला आल्काल्दे नेमले. जानेवारी १८४७ मध्ये त्याने हुकूम काढून गावाचे नाव बदलले आणि सॅन फ्रान्सिस्को केले. आपल्या भागातली कितीतरी इंजिनिअर मुले आज त्या परिसरात नोकरीला आहेत. त्यांना सांगायला हरकत नाही की तुमच्या शहराचे नाव काझीने ठेवले.

आडनाव म्हणून आल्काल्दे कसे जगले, हे पाहायचे तर मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराला जावे लागते. हे नावही अरबीच. 'वादी' म्हणजे नदी, 'अल-हिजारा' म्हणजे दगड. स्पेनमधल्या गावाचे नाव मेक्सिकोला दिलेले. तिथे अठराव्या शतकात आंतोनियो आल्काल्दे नावाचे बिशप होते. जन्म १७०१, स्पेनमधल्या वायादोलिदजवळचा. सत्तरीला आले असताना, १७७१ मध्ये, त्यांची ग्वादालाहाराला नेमणूक झाली. इतर कुणी या वयात निवृत्तीची भाषा केली असती. हे गृहस्थ पुढे एकवीस वर्षे काम करत राहिले. १७८५-८६ मध्ये पीक बुडाले आणि मोठा दुष्काळ पडला. आल्काल्दे यांनी शहरात अन्नछत्रे उघडली. त्याच काळात साथ पसरली तेव्हा जुने इस्पितळ अपुरे पडले, म्हणून त्यांनी नव्या मोठ्या इस्पितळाला पैसा दिला. गरिबांसाठी घरे बांधली. विद्यापीठासाठी राजाकडे पाठपुरावा केला, आणि ते १७९२ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी ते वारले. इस्पितळ दोन वर्षांनी उघडले ते त्यांना पाहता आले नाही. त्या इस्पितळाचे ब्रीद 'पीडित मानवतेसाठी'. ते आजही चालते आणि त्याला त्यांचेच नाव आहे. शहराच्या मधोमध जाणारा मोठा रस्ताही आल्काल्दे मार्ग.

कॅथलिक बिशप, आडनाव काझी, आणि दुष्काळात भुकेल्यांच्या पंगती. रोजा सोडायच्या वेळी हे वाचणाऱ्याला वेगळे काही सांगावे लागणार नाही.

आजही हे आडनाव मेक्सिकोच्या राजकारणात आहे. लुइसा मारिया आल्काल्दे या काही काळ तिथल्या गृहमंत्री होत्या. स्पॅनिश रीतीप्रमाणे माणसाला दोन आडनावे असतात, पहिले वडिलांचे, दुसरे आईचे, आणि लग्नानंतर बाई आपले आडनाव बदलत नाही. आपल्याकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावायचा निर्णय सरकारने घेतला, तेव्हा काहींनी कुरकुर केली होती. स्पेनमध्ये ही रीत कितीतरी जुनी आहे आणि तिथे आभाळ कोसळलेले नाही.

पदाचे म्हणाल तर २०१५ ते २०१९ या काळात माद्रिदच्या आल्काल्दे मानुएला कार्मेना नावाच्या बाई होत्या. त्याआधी अनेक वर्षे त्या न्यायाधीश होत्या. म्हणजे या शब्दाचे जुने आणि नवे दोन्ही अर्थ एकाच बाईने भोगले. माद्रिद शहरही मुळात नवव्या शतकात कॉर्डोबाचा अमीर मुहम्मद पहिला याने बांधलेल्या गढीभोवती वाढलेले. तिथे बाईला 'आल्काल्देसा' म्हणतात. एके काळी या शब्दाचा अर्थ नुसता 'आल्काल्देची बायको' एवढाच होता, आपल्या पाटलीणबाईसारखा. बायका खुर्चीवर बसल्या तसा अर्थ बदलला.

आपल्याकडेही काही हालचाल आहे. २०१६च्या सुमारास जयपूरच्या दोन महिलांनी मुंबईत येऊन काझीपदाचे प्रशिक्षण घेतले. पुष्कळ उलेमांनी विरोध केला, अजूनही करतात. निकाह पढवायला काझी हजर असणे कायद्याने सक्तीचे नाही आणि इतर कुणाला मनाईही नाही, हे १८८०चे कलम त्या निमित्ताने पुन्हा वाचले गेले. मराठीत काझीचे स्त्रीलिंगी रूप अजून रुळलेले नाही. 'काझीण' म्हटले तर लोकांना काझीची बायकोच वाटेल.

सरपंच या शब्दाला ती अडचण आली नाही. २०११ मध्ये राज्यात पंचायतींत महिलांना निम्म्या जागा मिळाल्या आणि आपल्या लाखांदूर तालुक्यातल्या गावांतही बायका सरपंच झाल्या. त्यांना कुणी 'सरपंचीण' म्हणत नाही. सरपंच म्हणजे सरपंच. त्यातला 'सर' फारसी आहे आणि 'पंच' संस्कृत.